अकरावा प्रश्न

बशीतला चहा फुंकून संपवला, रिकामी बशी कपाखाली सरकवली आणि मेघनानं पेनाचं टोपण काढलं. सकाळपासूनचा हा सहावा चहा होता.

"मावशी, आता अकरावा प्रश्न. घरी वापरायला रोज किती दूध ठेवता?"

दगडाबाईनं उत्तर द्यायच्या आधी मागच्या दाराकडे पाहिलं. तिथे तिची सून रेश्मा चौकटीला टेकून उभी होती आणि पदर तोंडाशी धरून हसू दाबत होती.

"लिव की अर्धा लिटर," दगडाबाई म्हणाली.

"रोज?"

"आता रोज म्हंजी रोजच की. बारकी पोरं हायती घरात. त्यास्नी काय उपाशी ठिवायचं व्हय?"

मेघनानं 'अर्धा लिटर' असं लिहिलं. आधीच्या पाच घरांतही अर्धाच लिटर निघालं होतं. उत्तरं अशी एकसारखी येऊ लागली की त्याला संशोधनाच्या पुस्तकात एक भारदस्त इंग्रजी शब्द होता आणि तो तिनं गेल्याच महिन्यात पाठ केला होता. तो वापरायची संधी इतक्या लवकर मिळेल असं तिला वाटलं नव्हतं.

मेघना अहिवळे बारामतीच्या नीरामाई दूध संघात रूट सुपरवायझर होती. सहा वर्षं ती जीपमधून गावोगावच्या संकलन केंद्रांवर फिरत होती, फॅट कमी लागल्याच्या तक्रारी ऐकत होती, कॅन वेळेत निघतात की नाही ते पाहत होती. त्यातल्या शेवटच्या तीन वर्षांत तिनं पोस्टानं एम.बी.ए. करायला घेतलं होतं. पुस्तकांची जाडजूड पाकिटं घरी येत, आणि रविवारी पहाटेची एसटी धरून पुण्याला तासांना जायचं, दिवेलागणीला परत यायचं. संघात या उद्योगाची यथेच्छ चेष्टा झाली होती. म्हशींना मॅनेजमेंट शिकवणार का, हा विनोद तर इतक्या जणांनी केला होता की प्रत्येकाला तो आपलाच वाटे. मेघना हसायची आणि पुढचा पेपर पास व्हायची. आता राहिला होता फक्त प्रकल्प. त्याचा अहवाल मे महिन्याच्या अखेरीपर्यंत पुण्याला जमा करायचा, म्हणजे पदवी. आणि जमा केल्याची पावती दाखवली, की जूनमध्ये सहायक व्यवस्थापकाच्या जागेसाठी मुलाखत. जागा एकच होती. तारीख चुकली तर अहवाल थेट डिसेंबरात घेतला जाणार होता, आणि तोवर त्या जागेवर दुसरं कुणीतरी बसलेलं असणार होतं.

पुण्याच्या प्राध्यापकांनी तिला बजावलं होतं, की पारावर बसून शंभर कागद भरून आणणारे पुष्कळ भेटतात. तू एक लहानशी वस्ती घे आणि तिच्यातलं एकही घर सोडू नकोस. म्हणून तिनं सुप्याच्या अलीकडची माळवस्ती घेतली होती. चौदा घरं, जिरायती रानं आणि घरटी एखाददुसरी म्हैस. ज्वारी-बाजरी पावसाच्या मर्जीवर, पण सकाळ-संध्याकाळ डेरीला दूध घातलं की घर चालायचं. दूध संघामुळे अशा कुटुंबांच्या राहणीत काय फरक पडला, हा तिचा विषय होता.

पहिल्या घरी, रावजींच्या ओट्यावर, पाण्याचा तांब्या यायच्या आधीच तो दुसरा प्रश्न आला होता. तो कुणाच्याच प्रश्नावलीत नसतो, पण येतोच. रूटवर फिरताना तिला त्याची सवय झाली होती.

"ताई, आडनाव काय म्हनलासा?" रावजींची बायको कुशाबाई म्हणाली होती.

"अहिवळे. बारामतीचीच."

"आसं का," म्हणून कुशाबाई आत गेली. या 'असं का'नंतर काय होतं ते मेघनाला तोंडपाठ होतं. कुठे नेमका उपास निघतो, कुठे चहाची पत्ती संपलेली असते, कुठे कप येतो तो वेगळ्या फळीवरचा. ती त्याचा त्रागा करत नसे. काम उरकून जीपमध्ये बसायची आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायची. पण इथे कुशाबाई बाहेर आली ती घरातल्याच कपबशीत दुधाचा चहा घेऊन. दुसऱ्या घरी तसंच. तिसऱ्या घरी मेघनानं 'नको' म्हणून पाहिलं, तर त्या घरची म्हातारी चक्क रागावली. मेघनाला बरं वाटलं, आणि इतकं बरं वाटावं याचा थोडा रागही आला. अर्ध्या कप चहानं माणसानं एवढं सुखावून जावं का, असं स्वतःलाच विचारत ती पुढच्या घराकडे वळली होती.

चौदावं घर मुक्ताबाईचं. तोवर ऊन कललं होतं आणि मेघनाच्या पोटात चहा डुचमळत होता. मुक्ताबाई साठीच्या पुढची, कमी बोलणारी. तिनं चुलीपुढचा पितळी तांब्या उपडा करून तळाचं दूध चहात निपटलं. चहा जरा काळसरच झाला. लग्नातल्या भांड्यांवर असतं तसं तांब्यावर नाव कोरलेलं होतं, 'चि. मुक्ता हिस मामाकडून'. हे आज आपण आधीही कुठेतरी वाचलंय, असं मेघनाला वाटलं, पण डोकं थकलं होतं आणि तिनं ते सोडून दिलं.

"घरी वापरायला किती ठेवता, आजी?"

"अर्धा लिटर," मुक्ताबाई म्हणाली आणि विस्तव मागे ओढायला लागली.

संध्याकाळी घरी आल्यावर मेघनानं वडिलांना सगळं सांगितलं. ज्ञानू अहिवळे नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातून व्हॉल्व्हमन म्हणून निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षं त्यांनी निम्म्या बारामतीला पाणी सोडलं, पण कुणाच्या दारात थांबून घोटभर मागितलं नाही. त्यामागे तत्त्व होतं की अनुभव, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"चौदा घरं, आबा. चौदाही घरांत चहा दिला."

"आडनाव इचारलं?"

"पहिल्याच घरात."

"आन दुधाचा दिला?"

"दुधाचा."

ज्ञानूंनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. "बरं झालं," ते म्हणाले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी ते पुसत राहिले.

अहवाल दोन महिन्यांत तयार झाला. स्टँडसमोरच्या कॉम्प्युटरवाल्यानं तो टाइप करून दिला, आणि काळ्या कापडी बांधणीत, वर सोनेरी अक्षरं घालून, त्याच्या तीन प्रती झाल्या. दोन विद्यापीठाला, एक संघाच्या कपाटासाठी. अकराव्या प्रश्नाचा तक्ता सत्तेचाळीसाव्या पानावर होता. चौदा घरं, प्रत्येकी अर्धा लिटर, एकूण सात लिटर. त्याखाली एका वाक्याचा निष्कर्ष: दूध विकूनही सभासद कुटुंबं घरच्या गरजेपुरतं दूध राखून ठेवतात. संघाचे जनरल मॅनेजर मोहनराव यांनी तो भाग बांधणीच्या आधीच वाचला होता, आणि इतके खूश झाले होते की ते वाक्य त्यांनी अध्यक्षांच्या वार्षिक सभेतल्या भाषणात घालून छापायला पाठवून दिलं. आपण शिकलो ते कुणाच्या तरी उपयोगी पडतंय, असं मेघनाला पहिल्यांदाच वाटलं. आता अहवालाच्या सुरुवातीच्या प्रमाणपत्राच्या पानावर मोहनरावांची सही घ्यायची आणि पुण्याची एसटी धरायची, एवढंच बाकी होतं.

पण सहीच्या आधी ती माळवस्तीवर गेली, कारण पुस्तक झालं की दावून जा, असं दगडाबाईनं तिला बजावलं होतं. गुरुवार होता, पुण्याचे तास संपल्यापासून तिच्या सुट्टीचा दिवस. सकाळी नऊच्या सुमाराला, कुणाला काही न कळवता, ती दगडाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

दगडाबाई, रेश्मा आणि दोन नातवंडं चुलीपाशी बसून चहात भाकरी कुस्करून खात होती. चहा कोरा होता. नातवंडांच्या ताटल्यांतही कोराच होता.

"अगं बया! सांगून तरी यायचं!" दगडाबाई हात झटकत उठली. "रेश्मे..."

रेश्मा मागच्या दारानं गेलीसुद्धा. मेघना "राहू द्या, राहू द्या" म्हणेपर्यंत तिनं दोन परसं ओलांडली होती. परत आली ती पदराखाली तांब्या धरून. तिनं तो चुलीशी टेकवला, तेव्हा त्यावरचं नाव दाराकडे वळलं. 'चि. मुक्ता हिस मामाकडून'.

मेघनानं ते वाचलं, आणि मार्चमधल्या त्या दिवशी ते कुठे कुठे वाचलं होतं ते एकेक करून तिला आठवत गेलं. कुशाबाईच्या चुलीपाशी. तिसऱ्या घरच्या म्हातारीजवळ. इथेच, याच जागी.

"रेश्मा, त्या दिवशीसुद्धा हाच तांब्या होता का गं?"

रेश्मानं सासूकडे पाहिलं. सासू चुलीत बघत होती. मग रेश्माला राहवलं नाही.

"ताई, काय पळापळ झाली माझी त्या दिवशी! तुमी म्होरच्या दारानं भाईर पडला, की मी मागनं तांब्या घिऊन फुडच्या घरी. डेरीची बाई येनार म्हनून मुक्ताआत्तीनं सकाळच्या दुधातलं अर्धा लिटर मागं ठिवलं हुतं. तेवढंच. त्यात चौदा च्या बशिवायचे म्हंजी काय, पळीनं मापून घालत हुते मी."

"आणि ते अर्धा लिटर? सगळ्यांचं सारखंच उत्तर?"

"ते व्हय? कुशाकाकीनं पयल्यांदा तेवढं सांगितलं. मंग तांब्यासंगं त्यो आकडा बी फुडं धाडला. एकीचं एक आन दुसरीचं दुसरं, आसं नगं व्हायला."

मेघनाला हसू आलं. एकसारख्या उत्तरांसाठीचा तो भारदस्त शब्द तिनं बेचाळीसाव्या पानावर दोनदा वापरला होता. ती हसत सुटली.

"पण कशाला एवढं, मावशी? मी कोरा प्यायले असते की."

दगडाबाईनं चहाचं आधण ढवळलं.

"तू आडनाव सांगितलंस न्हवं?" ती म्हणाली. "डेरीच्या दुसऱ्या कुना मानसाला कोरा दिला, तर त्यो म्हनंल, गरिबी हाय. तुला कोरा दिला आसता, तर तू काय म्हनली आसतीस?"

आपण काय म्हटलं असतं, ते मेघनाला चांगलं ठाऊक होतं. जीपमध्ये बसून बाटलीतलं पाणी पिताना तिनं माळवस्तीचं नाव त्याच जुन्या यादीत घातलं असतं आणि पुन्हा कधी काढलं नसतं.

चहा आला, दुधाचा. तिनं तो निमूट प्यायला. मग मांडीवरच्या काळ्या बांधणीवरून हात फिरवत म्हणाली, "मावशी, मी हे बदलते. घरी वापरायला दूध राहत नाही, असं लिहिते. संघाला तरी कळू दे."

"आजाबात न्हाय!" दगडाबाईचा आवाज एकदम चढला. "आमच्या पोरास्नी दूध मिळत न्हाय, आसं पुस्तकात छापनार व्हय तू? उद्या नातीला बघायला कुनी आलं आन त्यांनी ते वाचलं म्हंजी?"

"पुस्तक पुण्याला कपाटात राहतं, मावशी. कुणी वाचत नाही."

"मंग लिवता कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर एम.बी.ए.च्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

"आमी अर्धा लिटर सांगितलंय," दगडाबाई म्हणाली. "ते तसंच ऱ्हाईल. चौदा घरांचं बी तसंच ऱ्हाईल. शबूद दे."

मेघनानं शब्द दिला. दुसरं काही करणं तिला शक्यच नव्हतं.

दुपारी घरी येऊन तिनं वडिलांना तांब्याची गोष्ट सांगितली, पळीनं मापलेल्या दुधासकट. आडनावाचंही सांगितलं.

"म्हंजी चौदा घरांनी माझ्या लेकीचा इचार केला," ती थांबल्यावर ज्ञानू म्हणाले. मग काळ्या बांधणीकडे बोट दाखवत, "त्या बायांनी सांगितलेलं खोडू नगंस."

"मग खोटं लिहू?"

"खोटं बी लिवू नगंस."

"आबा, दोन्ही कसं जमायचं?"

"आता ते मी सांगू? पुन्याला शिकाय तू जातीस का मी?"

ती सत्तेचाळीसावं पान उघडून बसली. चौदा ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीसमोर अर्धा लिटर. त्यांना हात लावायचा नाही, असा शब्द दिलेला. सही घ्यायला गेलं तर आहे तसं चालून जाणार होतं. प्राध्यापकांना कळणार नव्हतं, परीक्षकांना कळणार नव्हतं, आणि माळवस्तीवर तर सगळ्यांना तेच हवं होतं. तिनं चौदा ओळी पुन्हा वाचल्या. मग फूटपट्टी घेतली, तक्त्याच्या तळाशी 'एकूण' या शब्दासमोरचा सात हा आकडा सरळ रेघेनं खोडला आणि त्याच्यावर शाईनं अर्धा लिहिला. खालचं निष्कर्षाचं वाक्यही खोडलं. तिन्ही प्रतींत तसंच केलं. बांधणी झालेली होती. दुसऱ्यांदा टाइप करायला वेळ नव्हता.

मोहनराव मूळचे नरसिंहपूरचे. कॅन उचलायला म्हणून संघात लागले आणि पंचवीस वर्षांत जनरल मॅनेजरच्या खुर्चीवर पोचले. मॅट्रिकच्या पुढे शिकले नव्हते, पण कागद त्यांच्या नजरेखालून गेला की त्यात चूक राहायची नाही. खाडाखोड झालीच, तर खोडलेल्या आकड्याशेजारी अधिकाऱ्याची लघुस्वाक्षरी पाहिजे. ती नसेल तर तो आकडा धरायचाच नाही, असा त्यांचा नियम होता. तो संघात इतका मुरला होता, की शिपाई सावळाराम चहाच्या यादीत एक कप कमी केला तरी शेजारी सही करायचा.

मंगळवारी सकाळी मेघनानं तिन्ही प्रती त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी प्रमाणपत्राचं पान उघडलं, पेन काढलं आणि सवयीप्रमाणे सहीच्या आधी आकडे चाळायला लागले. सत्तेचाळीसाव्या पानावर त्यांचा हात थांबला.

"अहिवळे, बेरीज चुकलीय. चौदा घरं, अर्धा अर्धा लिटर, म्हणजे सात. बरोबर होतं ते तुम्ही खोडलंय."

"साहेब, आता बरोबर झालंय."

"ते कसं?"

तिनं सांगितलं. थोडक्यात सांगितलं, आडनावाचा भाग गाळला, तांब्याचा ठेवला. मोहनराव ऐकताना पानाकडेच पाहत होते. ती थांबल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"हे भाषणात गेलंय. छापून यायच्या बेतात आहे."

"माहीत आहे, साहेब."

"बायकांनी अर्धा सांगितलं, तुम्ही अर्धा लिहिलं. मग एकूण काय होतंय ते होऊ द्या की. त्यात तुम्ही डोकं घालायचं कारण नाही."

"त्यांनी सांगितलेलं मी एका ठिकाणीही बदललेलं नाही. पण चौदाही घरांचं दूध एकच होतं, साहेब. ते चौदा वेळा कसं धरू?"

मोहनरावांचा चेहरा लालसर झाला. ते रागावले की आवाज चढवत नसत, उलट हळू बोलत.

"ही खाडाखोड आहे," ते म्हणाले. "माझ्या लघुस्वाक्षरीशिवाय ती चालणार नाही, आणि ती मी करणार नाही. सात करा. आत्ता, इथे बसून करा. प्रमाणपत्रावर लगेच सही करतो."

मेघनानं टेबलावरच्या काचेकडे पाहिलं. तीन वर्षांचे रविवार, जूनची मुलाखत, डिसेंबर. तिला भीती वाटत होती.

"मग प्रती इथेच राहू द्या, साहेब," ती म्हणाली आणि उठली.

बुधवारी काही झालं नाही. गुरुवारी सुट्टी असूनही ती कामावर आली आणि दिवसभर गोदामातल्या कॅनची झाकणं तपासत बसली, ज्याची काही गरज नव्हती. शनिवार शेवटचा दिवस होता. मोहनराव समोरून येताना दिसले की ती वाट बदलायची, आणि तिच्या लक्षात आलं की तेही तसंच करताहेत. घरी ज्ञानूंनी तिची पुण्याला जायची पिशवी धुऊन वाळत घातली होती.

शुक्रवारी चारच्या सुमाराला सावळाराम तिच्या टेबलाशी आला. वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेला गठ्ठा त्याच्या हातात होता.

"सायबांनी तुमास्नी द्यायला सांगितलंय."

"साहेब आहेत का?"

"न्हाय. गेलं की मघाच. गावाकडं, नरसिंगपूरला. सोमवारी येत्याल."

तिनं सुतळी सोडायचा प्रयत्न केला, मग सरळ दातानं तोडली. पहिल्या प्रतीचं प्रमाणपत्र उघडलं. सही होती. सत्तेचाळीसावं पान. खोडलेल्या सातच्या शेजारी हिरव्या शाईत मोहनरावांची लघुस्वाक्षरी होती, आणि खालच्या खोडलेल्या वाक्याशेजारी आणखी एक. दुसऱ्या प्रतीत तसंच. मेघनाचा जीव भांड्यात पडला. तिनं डोळे पुसले, सावळाराम बघतोय हे दिसलं तरी पुसले. उद्याची पहाटेची एसटी, पुणे, पावती. सगळं एकदम जवळ आल्यासारखं वाटलं.

"काय वो ताई? काय वाईट हाय का?"

"नाही हो, सावळारामतात्या. चांगलंच आहे."

तिसरी प्रत संघाच्या कपाटासाठीची होती. तीही पाहून घ्यावी म्हणून तिनं उघडली. सह्या जागच्या जागी होत्या. मिटायला गेली तेव्हा शेवटची पानं नीट बसेनात, म्हणून तिनं मागून उघडून पाहिलं. तिथे प्रश्नावलीचा कोरा नमुना जोडलेला होता, अहवालाच्या शेवटी जोडतात तसा. तो कोरा राहिलेला नव्हता.

दिनांकाच्या जागी नुसतं साल होतं, १९५२. गाव: नरसिंहपूर. घरातली माणसं: नऊ. दुभती जनावरं: म्हशी दोन. दूध कुणाला घालता: खव्याच्या भट्टीला. मोहनरावांचं अक्षर ती सहा वर्षं ओळखत होती. त्या साली ते आठ-दहा वर्षांचे असणार. एरवी ते घाईत लिहीत. इथे प्रत्येक उत्तर सावकाश, शाळकरी वळणात काढलेलं होतं.

अकराव्या प्रश्नापुढे आधी 'एक शेर' असं लिहिलं होतं. ते खोडून पुढे 'काही नाही' असं लिहिलं होतं, आणि खाडाखोडीच्या शेजारी लघुस्वाक्षरी केलेली होती.